बुद्धीच्या पायऱ्या शोधणारे आल्फ्रेड बिने

परीक्षेतील कोणता प्रश्न सोपा आणि कोणता अवघड, हे परीक्षकाने नव्हे, तर मुलांच्याच उत्तरांनी ठरवावे, ही दृष्टी रुजवण्यात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांचा वाटा मोठा आहे.

८ जुलै १८५७ रोजी नीस येथे जन्मलेल्या बिने यांनी १८७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली. पण त्यांचे मन रमले ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील मानसशास्त्राच्या ग्रंथांत. सॅलपेट्रिएर रुग्णालयात शार्को यांच्या हाताखाली त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले. मात्र चुंबकाच्या प्रभावाबद्दलचे त्यांचे निष्कर्ष फोल ठरले. रुग्णांना अपेक्षित प्रतिसाद आधीच ठाऊक होता. ही चूक त्यांनी जाहीरपणे मान्य केली. पुढे मादलेन व आलिस या आपल्या मुलींच्या निरीक्षणातून बालमनाचा अभ्यास सुरू झाला.

१९०४ मध्ये अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी नेमलेल्या सरकारी समितीवर त्यांची निवड झाली. डॉ. तेओदोर सिमाँ यांच्यासह त्यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची कसोटी तयार केली. पेटत्या काडीमागे नजर फिरते का, येथून तिची सुरुवात होती. १९०८ मध्ये प्रश्नांची वयानुसार मांडणी झाली. एखाद्या वयाची बहुसंख्य मुले जो प्रश्न सोडवत, तो त्या वयाचा. चौकोन काढणे पाचव्या वर्षी, तर समभुज तिरपा चौकोन सातव्या वर्षी जमतो, असे आढळले. वरची पायरी चढलेल्याने खालची ओलांडलेली असते का, हे तपासण्याची सांख्यिकी पद्धत लुई गटमन यांनी १९४४ मध्ये मांडली.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी बिने यांचे निधन झाले. नंतर त्यांच्या कसोटीतून निघालेला बुद्ध्यंक अमेरिकेत जन्मजात शिक्क्यासारखा वापरला गेला. सरावाने बुद्धी वाढते, हे बिने यांचे मत मागे पडले.

मराठी व कन्नड मुलांसाठी ही कसोटी नव्याने बेतण्याचे काम धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी केले. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. पॅरिस असो वा तिसगाव, मूल कोणत्या पायरीवर अडले हे कळले, तरच शिक्षकाला त्याचा हात धरता येतो. बिने यांच्या कसोटीचा मूळ हेतू तोच होता.