रहीम मास्तर

हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मॅच चालू असली की खेळापेक्षा पैशाच्याच गप्पा जास्त होतात. कुठल्या प्लेअरला किती, कुठल्या कोचला किती. अमेरिकेत तर कॉलेजच्या टीमचा कोचसुद्धा गडगंज असतो. तिथला फुटबॉल म्हणजे आपला नव्हे बरं का, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा. अलाबामा विद्यापीठाचा कोच निक सेबन याला २०२३ साली वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर पगार होता. म्हणजे ऐंशी-नव्वद कोटी रुपये! लाखभर लोक बसतील असं स्टेडियम, टीव्हीचे करार, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, यातून तो पैसा निघतो.

हा आकडा ऐकला आणि मला आपल्याच जुन्या संस्थानातला एक शाळामास्तर आठवला. आपल्याच म्हणजे हैदराबाद संस्थानातला; १९४८ पर्यंत नांदेड त्यातच होतं. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा, हैदराबादचा. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. मराठवाड्यातली पोरंही तेव्हा तिथंच शिकायला जायची. पुढे रहीमसाहेब काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये, मग आणखी काही शाळांत मास्तर झाले. शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शाळेतल्या पोरांना मैदानावर घेऊन जाऊ लागले.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांची टीम त्यांच्या हाताखाली आली. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा म्हणजे त्या काळी देशातल्या मोठ्या स्पर्धांपैकी एक. या पोलिसांनी ती १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं जिंकली. एखाद्या वर्षी नशीब म्हणता येतं, पाच वर्षं कसं म्हणणार?

त्यांची शिकवण्याची रीत इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी ऐकावीच. ते पोरांच्या स्पर्धा भरवायचे, पण नियम अजब. एका स्पर्धेत ड्रिब्लिंग बंद, फक्त पास द्यायचा. दुसरीत जो पाय कच्चा त्याच पायाने खेळायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक व्हेरिएबल लॉक करून टाकायचं, म्हणजे बाकीचं आपोआप सुधारतं. याला महागडी मशिनरी लागत नाही. एक मैदान, एक चेंडू आणि एक खडूस मास्तर पुरतो.

१९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या टीमने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू तोवर अनवाणी खेळत. पण रहीमसाहेब तिथून नुसते हरून आले नाहीत, हंगेरीची टीम कशी खेळते ते डोळ्यांत साठवून आले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. मुंबईकर नेव्हिल डिसूझाने त्यात हॅटट्रिक मारली, आणि भारत चौथा आला. आज हे सांगितलं की रूममेट फेकतोस म्हणून हसतात.

आणि जकार्ता, १९६२. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार. जर्नेलसिंग हा बचाव फळीतला गडी, डोकं फुटून टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला उचलून पुढे, गोल करायच्या जागेवर उभं केलं. गॅलरीतलं पब्लिकही आपल्या विरोधात. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत घेतलं नाही यावरून भारताच्या सोंधींनी हरकत घेतली होती, त्याचा राग. ४ सप्टेंबरला फायनल, समोर परत दक्षिण कोरिया. पी. के. बॅनर्जीने एक गोल मारला, दुसरा त्याच जर्नेलने. २-१, सुवर्ण! आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुषांना फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर आजवर मिळालेलं नाही.

तेव्हा आपल्याकडे कोच हा पोटापाण्याचा धंदा म्हणून उभाच राहिला नव्हता. कोच तयार करणारी पटियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्थासुद्धा १९६१ साली निघाली. (आजही आपल्या भागात किती कॉलेजांत खेळाचे सर तासिका तत्त्वावर आहेत ते बघा, म्हणजे निक सेबनचा पगार ऐकून का कसंतरी होतं ते कळेल.) रहीमसाहेबांनी दोन सुवर्णपदकं आणली ती कोचच्या पॅकेजवर नव्हे.

जकार्ताहून आल्यावर त्यांना दिवसच उरले नव्हते. फुप्फुसाच्या कॅन्सरने ११ जून १९६३ रोजी ते गेले, वय जेमतेम चौपन्नाच्या आत. त्यांचा मुलगा हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात होता. त्यांच्यावर 'मैदान' सिनेमा आला तो थेट २०२४ मध्ये. कोच लोकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ ला सुरू झाला. फुटबॉलच्या वाट्याला तो पहिल्यांदा १९९० मध्ये आला, सय्यद नईमुद्दीन यांना. तेही हैदराबादचेच.