तडीपार झालेल्या माणसाने बर्फाच्या बेटाला ग्रीनलँड हे नाव का दिलं?

नकाशावर ग्रीनलँड पांढरंशुभ्र दिसतं. बेटाचा जवळपास ८० टक्के भाग बर्फाखाली आहे. मग याला हिरवा देश म्हणायचं कोणाच्या डोक्यात आलं? तो माणूस म्हणजे एरिक थॉरवाल्डसन, जगाला माहीत असलेला एरिक द रेड. केस लाल म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. डोकंही तसंच गरम होतं.

एरिकचा जन्म इ.स. ९५०च्या आसपास नॉर्वेत झाला. वडिलांच्या हातून खून झाला, देश सोडावा लागला आणि कुटुंब आइसलँडला आलं. तिथल्या चांगल्या जमिनी आधीच गेल्या होत्या, यांच्या वाट्याला खडकाळ किनारा आला. पुढे एरिकने थ्योदहिल्डशी लग्न केलं आणि हाउकादालूर खोऱ्यात बस्तान बसवलं.

पण झालं असं, की एरिकच्या गुलामांमुळे शेजाऱ्याच्या शेतावर दरड कोसळली. शेजाऱ्याच्या नातलगाने त्या गुलामांना मारलं, एरिकने त्या नातलगाला मारलं. खोरं सोडावं लागलं.

नवीन घर बांधेपर्यंत त्याने आपल्या घराच्या लाकडी फळ्या थॉरगेस्ट नावाच्या माणसाकडे ठेवल्या. आइसलँडमध्ये मोठी झाडं नावालाच, त्यामुळे चांगलं लाकूड म्हणजे दौलत. घर झालं, पण थॉरगेस्ट फळ्या देईना. एरिक त्या उचलून घेऊन आला, पाठलाग झाला, मारामारीत थॉरगेस्टची दोन मुलं गेली. थिंग म्हणजे तिथल्या लोकसभेत निकाल लागला: तीन वर्षं तडीपार. साल होतं ९८२.

नॉर्वेत परतायची सोय नव्हती, म्हणून एरिक पश्चिमेला निघाला. तिकडे जमीन दिसल्याचं खलाशी सांगत होते. बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून तो एका फ्योर्डमध्ये शिरला. फ्योर्ड म्हणजे उंच डोंगरांच्या मधून आत घुसलेली समुद्राची लांबलचक खाडी. आत वारा कमी आणि उन्हाळ्यात जनावरांना पुरेल इतकं गवत. शिक्षेची तीन वर्षं त्याने हा किनारा पिंजून काढण्यात घालवली.

आइसलँडला परतल्यावर त्याने या भूमीला ग्रीनलँड म्हणायला सुरुवात केली. नाव चांगलं असेल तर माणसं येतील, हा साधा हिशोब. जाहिरातच ती, पण निव्वळ थाप नव्हे, फ्योर्डच्या काठी खरंच हिरवळ होती. २५ जहाजं निघाली आणि १४च पोहोचली. बाकीची बुडाली किंवा माघारी फिरली. तडीपार एरिक आता वसाहतीचा प्रमुख झाला आणि फ्योर्डकाठी ब्राताहलिड इथे राहू लागला.

इ.स. १०००च्या सुमारास मुलगा लेइफ नॉर्वेहून ख्रिस्ती धर्म घेऊन आला. थ्योदहिल्डने तो स्वीकारला, एरिकने नाही. तिने घरापासून जरा लांब छोटं चर्च बांधलं आणि नवऱ्याशी संसार करणं थांबवलं. एरिकला हे चांगलंच झोंबलं. ही सगळी हकीकत दोनेकशे वर्षांनी लिहिलेल्या सागांमधली, म्हणजे थोडं मीठमसाला धरायला हवं. पण १९६१ मध्ये तिथे बांधकामासाठी खोदताना छोट्या चर्चचे अवशेष आणि आजूबाजूला थडगी सापडली. हेच थ्योदहिल्डचं चर्च असावं, असं मानलं जातं.

लेइफ अमेरिकेच्या दिशेने निघाला तेव्हा एरिकही जाणार होता. जहाजाकडे जाताना तो घोड्यावरून पडला, अपशकुन समजून घरी थांबला. १००३च्या आसपास तो वारला. त्याच्या लोकांची वसाहत पुढे चारेकशे वर्षं टिकली. तिथून आलेली शेवटची लेखी बातमी आहे १४०८ची, एका लग्नाची.

ब्राताहलिडच्या जागी आज कास्सियारसुक हे जेमतेम काही डझन वस्तीचं गाव आहे. १९२४ पासून तिथे इनुइट कुटुंबं मेंढ्या पाळतात. २०१७ मध्ये हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. पर्यटक होडीने येतात, डोंगर चढतात, कयाक चालवतात, लांबघराची आणि चर्चची प्रतिकृती बघतात. गावाच्या वरच्या अंगाला फ्योर्डकडे बघणारा एक पुतळा आहे. तो मात्र एरिकचा नाही, लेइफचा.