सगळ्यांना हसवणाऱ्या पुलंनाही कंपवातानं गाठलं होतं

मुरुड (ता. लातूर) : १२ जून हा पु. ल. देशपांडे यांचा स्मृतिदिन. पुलंच्या कॅसेट गावोगाव वाजल्या. पण त्यांची अखेरची वर्षं कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्सच्या आजारात गेली, हे फार जणांना ठाऊक नसतं.

८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत जन्मलेले पुलं पार्ल्यात वाढले. प्राध्यापकी केली, आकाशवाणीवर आणि दूरदर्शनवर काम केलं. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ सिनेमाची कथा, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका त्यांचीच. ‘बटाट्याची चाळ’ तर एकट्यानं रंगमंचावर उभी केली. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पेटीवर बोटं सराईत फिरायची. कमावलेल्या पैशातून त्यांनी आणि सुनीताबाईंनी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या कामांना हात दिला.

अशा हरहुन्नरी माणसाला म्हातारपणी या आजारानं धरलं. १२ जून २००० रोजी पुण्यात, लग्नाच्या ५४ व्या वाढदिवशी, ते गेले. वय ८० होतं.

कंपवातात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं. हात थरथरतो, अंग आखडतं, चाल मंदावते, आवाज बारीक होतो. लेव्होडोपाच्या गोळीनं पुष्कळ आराम पडतो. मात्र काही वर्षं गोळी घेतल्यावर काहींचं अंग आपोआप डुलतं, मान नि हातपाय वेडेवाकडे हलतात. कुणाच्या पायाची बोटं पहाटे पिळवटतात. क्वचित एखाद्याला अचानक झटकेही येतात.

आपल्याकडं असं दिसलं की लोक अंगात आलं म्हणतात, नाहीतर बाहेरची बाधा समजतात. काहीजण घाबरून गोळीच बंद करतात. ते जिवावर बेतू शकतं. एकदम औषध तोडल्यानं अंग ताठून जोराचा ताप भरू शकतो. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं. पण म्हणून मनानं चूर्ण घेऊ नये, मात्रा चुकते.

अंग कधी हलतं, गोळीनंतर किती वेळानं हलतं, हे घरच्यांनी वहीत लिहावं. जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून मेंदूविकार तज्ज्ञाला दाखवावा. गोळीची मात्रा आणि वेळ बदलून बऱ्याचदा हा त्रास कमी होतो.

पुलंसारख्या माणसालाही हा आजार चुकला नाही. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्याचा हात थरथरला तर लपवू नका, दवाखान्यात दाखवा.