मनाच्या 52 घटकांचे भाष्यकार

बौद्ध मानसशास्त्राचा मराठी अभ्यासक म्हटले की पहिले नाव धर्मानंद कोसंबी यांचे येते. त्यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण तुटपुंजे होते. 1897 मध्ये मराठी बालमासिकातील बुद्धचरित्र वाचनात आले आणि दोन वर्षांनी, पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून, त्यांनी घर सोडले. ज्ञानाच्या या ओढीची किंमत कुटुंबानेही मोजली, हे विसरता येत नाही.

पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ अशी भ्रमंती करीत 1902 मध्ये ते श्रीलंकेत पोहोचले. तेथे सुमंगल महास्थविरांच्या विद्योदय विद्यालयात त्यांनी प्रव्रज्या घेऊन पालीचे अध्ययन केले. पुढे 1912 ते 1918 या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात ते पाली शिकवीत होते. ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी ते हार्वर्डलाही वारंवार गेले.

आचार्य अनुरुद्धांचा ‘अभिधम्मत्थसंगह’ हा लहानसा ग्रंथ चित्ताबरोबर उपजणाऱ्या 52 ‘चेतसिकां’ची, म्हणजे मनोघटकांची, मांडणी करतो. स्पर्श, वेदना, संज्ञा, चेतना, एकाग्रता, जीवितेंद्रिय व मनसिकार हे 7 घटक प्रत्येक चित्तात असतात. वितर्क, वीर्य, प्रीती असे 6 प्रसंगानुसार येतात. 14 अकुशल आणि 25 शोभन आहेत. शेजाऱ्याची भरभराट पाहून मन जळते, तेव्हा त्या ईर्ष्येसोबत द्वेष असतोच. लोभ आणि द्वेष मात्र एकाच चित्तात कधीही एकत्र नांदत नाहीत. झाल्या चुकीबद्दलची तळमळ, म्हणजे ‘कुक्कुच्च’, हीदेखील येथे अकुशलांत मोडते. पश्चात्तापाला पुण्य मानणाऱ्यांना हे खटकेल. पण तळमळणारे मन सुधारणेकडे वळत नाही, असा त्यामागील विचार आहे.

हा ग्रंथ अतिशय संक्षिप्त, म्हणून नवख्यास अवघड. त्यावर कोसंबींनी पालीतच सुबोध टीका लिहिली आणि तिला ‘नवनीत’, म्हणजे लोणी, असे नाव दिले. ती सारनाथहून प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवासही भोगला होता.

व्याधींनी शरीर जर्जर झाल्यावर त्यांनी सेवाग्राम येथे विचारपूर्वक अन्नत्याग केला आणि 4 जून 1947 रोजी देह ठेवला. ‘विसुद्धिमग्ग’ची हार्वर्ड आवृत्ती 1950 मध्ये निघाली.