कराची ते जुहू

लोणावळ्याच्या वळवण धरणामुळे टाटा हे नाव आपल्या मावळात घरोघरी ठाऊक आहे. त्याच घराण्यातील जहांगीर रतनजी दादाभाई टाटा १९०४ साली पॅरिसला जन्मले. १९२९ मध्ये भारतातील पहिला वैमानिक परवाना त्यांनी मिळविला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ या छोट्या विमानातून टपाल घेऊन ते सकाळी कराचीहून एकटेच निघाले. अहमदाबादेस थांबून दुपारी जुहूला उतरले. सरळ रेषेतील अंतर सुमारे ९०० किलोमीटर. १९४७ साली मध्ये सरहद्द आली. तरीही १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. १९९३ साली जिनिव्हात ते निवर्तले. जेट विमानाला ही वाट जेमतेम दीड तासाची. पण आज कराची-मुंबई थेट विमानच नाही. त्या इवल्या विमानाला एका दिवसात जे साधले, ते आज साधत नाही.