तीन घरे, सात माणसे आणि एक रोग

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑक्सफर्ड नावाचे एक लहान गाव आहे. तिथल्या रुंद रस्त्यावर तीन घरे शेजारी-शेजारी होती. त्यांत एकामागून एक राहायला आलेल्या सात कर्त्या माणसांपैकी सहा जण मधुमेहाने दगावले. हेच मृत्यू विषमज्वराने झाले असते तर आरोग्य खाते धावून आले असते, पाणी तपासले गेले असते. मधुमेहाची मात्र कोणी दखल घेतली नाही. ही तक्रार १९२१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मांडली त्याच गावच्या डॉ. एलियट जॉस्लिन यांनी. लेखाचा विषय उपचार नव्हता, मधुमेहाचा प्रतिबंध होता. इन्सुलिन अजून रुग्णापर्यंत पोहोचायचे होते.

जॉस्लिन यांचा जन्म १८६९ चा. हार्वर्डमधून डॉक्टर होऊन ते बोस्टनमध्ये स्थिरावले. आईलाच मधुमेह झाला आणि तिचे पथ्यपाणी त्यांनी स्वतः सांभाळले. त्यांचा खरा छंद मात्र नोंदवहीचा. प्रत्येक रुग्णाचे वय, वजन, आहार, लघवीतील साखर असे सारे टिपून ठेवायचे आणि रुग्ण किती वर्षे जगला तेही पाहायचे. या नोंदींतूनच त्यांच्या लक्षात आले की, प्रौढपणी मधुमेह होणाऱ्यांमध्ये आधीपासून लठ्ठ असलेल्यांची संख्या फार मोठी आहे. म्हणजे यातला बराचसा मधुमेह टाळता येईल. मधुमेहाचे आज आपण म्हणतो तसे दोन प्रकार तेव्हा वेगळे ओळखले जात नव्हते, हे ध्यानात घेतले तर ही नजर किती पुढची होती ते कळते.

१९२२ मध्ये इन्सुलिन आले आणि आता चिंता मिटली, असे अनेकांना वाटले. जॉस्लिन यांना तसे वाटले नाही. आहार, व्यायाम आणि इन्सुलिन हे एकाच रथाचे तीन घोडे, असे ते शिकवीत. रुग्णांसाठी सोप्या भाषेतले पुस्तक त्यांनी १९१८ मध्येच लिहिले होते. परिचारिकांना रुग्णांच्या घरी शिकवायलाही ते पाठवीत. स्वभाव कडक. साखर वाढली की दोष रुग्णाच्या शिस्तीला, ही त्यांची वृत्ती आज खटकते. साखर काटेकोर आटोक्यात ठेवण्याचा त्यांचा आग्रहही काही समकालीनांना अतिरेकी वाटे. त्या आग्रहाला भक्कम पुरावा मिळाला तो १९९० च्या दशकातील मोठ्या चाचण्यांतून. तोवर जॉस्लिन जाऊन तीस वर्षे उलटली होती. १९६२ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी ते वारले.

मात्र ऑक्सफर्ड गावाची तपासणी त्यांच्या हयातीत झाली. १९४६-४७ च्या सुमारास अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने तिथल्या ३,५१६ रहिवाशांची लघवी आणि रक्त तपासले. मधुमेही निघाले ७०. त्यांतल्या ४० जणांना आपला रोग ठाऊक होता. उरलेले ३० जण काहीच कल्पना नसताना रोजची कामे करत होते. म्हणजे शंभरातले सुमारे ४३.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात सुमारे ५९ कोटी प्रौढ मधुमेही आहेत आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा आहे. आपल्याला मधुमेह आहे हे माहीतच नसलेल्यांचे प्रमाण आजही शंभरात ४३ इतकेच आहे.