कलामहर्षींचा कॅमेरा आणि आमच्या घरचा पडदा

मंगळवार पेठेत वाढलेल्या मुलाला खरी कॉर्नरचे कॅमेऱ्याचे स्मारक म्हणजे पत्ता सांगण्याची एक खूण. कॅमेऱ्यापासून वळा, कॅमेऱ्याच्या पुढे या, एवढाच त्याचा उपयोग. मीही इतकी वर्षे त्याच्याकडे त्याच नजरेने पाहत आलो. तो कॅमेरा कोणाचा आणि तो आमच्याच भागात का उभा आहे, हा प्रश्न मला यंदा प्रथमच पडला आणि तोही घरातल्या संगणकामुळे पडला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल संपली. आमचा संगणक जुना. पुढची आवृत्ती त्याच्यावर चालण्यासारखी नव्हती. चालते यंत्र भंगारात घालणे आईला पटेना. म्हणून मी त्याच्यावर लिनक्स घातले. जिची मूळ घडण कोणालाही उघडून पाहता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते अशी ही मुक्त प्रणाली. तिच्यावर खिडक्या, चित्रे, खालची पट्टी असा जो पडदा दिसतो त्याला डेस्कटॉप म्हणतात. असे मुक्त डेस्कटॉप अनेक आहेत. मी एक निवडला आणि त्याच्यावर खूश झालो. आई गल्लीतल्या भिशीचा हिशेब ठेवते. तिने पहिल्याच संध्याकाळी हिशेब लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी तो तिला सापडेना. मराठीत सुरू झालेली सूचना मध्येच इंग्रजीत गेली होती आणि तिने भलतेच बटण दाबले होते. यात सगळे आहे, फक्त शोधावे लागते, असे मी तिला ऐटीत सांगितले. त्यावर ती काही बोलली नाही. तिने जुनी वही काढली आणि हिशेब तिच्यात लिहिला.

त्याच आठवड्यात मी बाबूराव पेंटरांविषयी वाचू लागलो होतो. सुरुवातीला या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला वाटले नव्हते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कसबी कारागीर. हातोडी, पटाशी आणि रंग यांची संगत घरातच होती. चित्रकला आणि शिल्पकला बाबूराव कोणत्याही कलाशाळेत न जाता शिकले. बंधू आनंदरावांसह ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले आणि साधारण १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतात या कामी त्यांचा मोठा लौकिक झाला. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’साठीही त्यांनी पडदे केले. मेस्त्री हे आडनाव मागे पडून पेंटर हेच नाव रूढ झाले ते यामुळे. खासबागेजवळ १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले तेव्हा सारी पेठ रस्त्यावर आली होती. त्या रात्री आमच्यापैकी किती जणांना बाबूरावांची आठवण झाली असेल, मला शंका आहे. मला तरी झाली नाही.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांचे लक्ष रंगवलेल्या पडद्यावरून हलत्या पडद्याकडे वळले. फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. कोल्हापूरच्या दोन पेंटरांना तसा कॅमेरा परवडणारा नव्हता; पुढे महायुद्धही सुरू झाले. तेव्हा त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत घेतला आणि त्याच्यावर चित्रपटांचे खेळ करू लागले.

या ठिकाणी मी वाचता वाचता थांबलो. कॅमेरा करायचा असताना प्रोजेक्टर कशाला? थोडा विचार केल्यावर त्यातली चतुराई ध्यानात येते. दोन्ही यंत्रांचा जीव एकच आहे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात, एका चित्राला प्रत्येक बाजूस चार. यंत्राने ती फिल्म एक चित्र खाली ओढायची, क्षणभर अगदी स्थिर धरायची, पुन्हा ओढायची. आणि ती सरकत असेल तेवढा वेळ झडपेने प्रकाश अडवायचा. त्या काळी हे हाताने दांडा फिरवून सेकंदाला साधारण सोळा वेळा होत असे. थांबणे केसभर चुकले तर पडद्यावरचे चित्र थरथरते. म्हणजे बाजारात तयार झालेले एक यंत्र खोलून त्याची नाडी पाहिली की दुसरे करण्याची वाट सापडते. शिवाय खेळ करणारा माणूस रोज प्रेक्षकांत असतो. लोक कशाने गप्प होतात आणि कशाने उठून जातात, हे त्याला चित्रपट काढण्यापूर्वीच कळते. बाबूरावांनी यंत्र आणि प्रेक्षक हे दोन्ही एकाच वेळी अभ्यासले. पहिल्या गोष्टीचे आपण कौतुक करतो आणि दुसरी विसरतो.

कॅमेऱ्याची जुळणी चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांच्या आयुष्यातला हा मोठाच आघात. त्यांनी काम सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ साली कॅमेरा चालता झाला. त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले, राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय होताच. गाणाऱ्या बाईच्या पैशावर मराठी चित्रपटाचा पाया घातला गेला, ही गोष्ट आमच्या शहराने अधिक मोठ्याने सांगायला हवी.

‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात आर्यन थिएटरात झळकला. स्त्रीभूमिकांत स्त्रियाच होत्या. भीमाने कीचकाचा वध करण्याचे दृश्य इतके अंगावर येणारे होते की पुढे त्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. पुण्याच्या त्या प्रेक्षकांनी कॅमेरा कोल्हापुरात घडला म्हणून टाळ्या वाजवल्या असतील, पण तेवढ्यासाठी ते शेवटपर्यंत बसले नसते. चित्र स्थिर होते, कथा पकडत होती, म्हणून ते बसले. स्वदेशीच्या नावावर थरथरते चित्र खपवावे असे बाबूरावांना वाटले नाही. मी मात्र आईच्या पुढ्यात नेमके तेच करत होतो.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षे ही त्यांची खरी बहराची. ‘सुरेखाहरण’मध्ये १९२१ साली शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, प्रथम पडद्यावर आले. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ला लंडनजवळच्या वेम्बली येथील प्रदर्शनात पदक मिळाले. दृश्य घेण्यापूर्वी ते पात्रांचे पोशाख, उभे राहणे, हालचाल यांची रेखाटने करीत, त्यामुळे पन्नास हात राबत असले तरी चित्र एका नजरेतून उतरलेले दिसे. प्रेक्षकाच्या हाती चित्रपटाची माहिती देणारी पुस्तिका १९२१-२२ च्या सुमारासच ठेवणारे तेच, आणि जाहिरातींची भित्तिचित्रे स्वतः रंगवणारेही तेच. जाहिरात ही हलकी गोष्ट आहे, ती व्यापाऱ्याने करावी, असला सोवळेपणा त्यांच्याकडे नव्हता.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांनी नेपथ्यात केलेला बदल. ज्या माणसाचे नाव रंगवलेल्या पडद्यांनी झाले, त्यानेच चित्रपटातून रंगवलेला पडदा हद्दपार केला आणि त्या जागी भक्कम, चहूबाजूंनी फिरता येईल असे नेपथ्य उभे केले. रंगवलेले दार लांबून दारच दिसते. नट त्याच्याकडे चालत गेला की फजिती होते. केवळ दिसण्याची नक्कल कुठवर पुरते, हे पडदे रंगवणाऱ्याइतके कोणाला कळणार?

मुक्त डेस्कटॉपांच्या इतिहासात हा रंगवलेल्या दाराचा घोटाळा पुष्कळ झाला आहे. १९९६ साली जर्मनीत मथियास एट्रिच या विद्यार्थ्याने केडीई सुरू केला तो चांगल्या हेतूने. प्रत्येक कार्यक्रमाची तऱ्हा वेगळी, सामान्य माणसाने किती तऱ्हा शिकाव्यात, ही त्याची तक्रार होती. पुढच्या वर्षी मेक्सिकोतल्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केला. दोन्हींकडे गुणी कारागीर जमले. पण विकाऊ प्रणालींकडे पाहताना पुष्कळदा खालची पट्टी आणि कोपऱ्यातले बटण यांचीच नक्कल आधी झाली. त्या पट्टीमागे जो खरा खर्च असतो, तो म्हणजे अनोळखी माणसाला यंत्रापुढे बसवून तो कुठे अडतो हे निमूटपणे पाहणे. ते फार थोड्यांनी केले. ग्नोमच्या बाबतीत २००१ साली सन मायक्रोसिस्टिम्सने तशी पाहणी केली. काही साध्या माणसांना कामे दिली आणि त्यांची अडखळ नोंदवली. त्यानंतर २००२ साली आलेल्या ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीत अनावश्यक पर्याय काढले गेले आणि सर्व कार्यक्रमांनी पाळायचे लेखी नियम आले. असे नियम ॲपलने १९८७ सालीच पुस्तकरूपाने छापले होते. विकणाऱ्यांकडून घ्यायचे ते हे. आणि घेण्यात कमीपणा कसला? ॲपलने तरी खिडक्या आणि चित्रे यांची कल्पना झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत पाहूनच घेतली होती.

आता बाबूरावांच्या अपयशाकडे येतो. चरित्र लिहिताना ते टाळण्याची आपल्याकडे रीत आहे, पण मला ते टाळता येत नाही. १९२५ साली त्यांनी नारायण हरी आपट्यांच्या कथेवर ‘सावकारी पाश’ काढला. कर्जात बुडालेला शेतकरी आणि त्याचे घर पडद्यावर आले. देवादिकांच्या चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकाला तो रुचला नाही, जाणकार मात्र आजही त्याचे नाव आदराने घेतात. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या साहाय्याने कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. कंपनीचे उजवे-डावे दोन्ही हात गेले. १९३१ मध्ये बोलपट आला. इतक्या कष्टाने घडवलेली दृश्याची भाषा शब्दांच्या गलबल्यात बुडेल असे बाबूरावांना वाटत होते आणि त्यांचे मन त्यात रमले नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दिवस संपले. प्रभातने मात्र १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलता केला, १९३३ साली पुणे गाठले, आणि १९३६ च्या ‘संत तुकाराम’ची नोंद व्हेनिसपर्यंत झाली.

यावर माझे मत असे. शिष्य गेले याचा दोष त्यांना देऊ नये आणि बाबूरावांनाही. ते जाऊ शकले, कारण गुरूने हातचे काही राखले नव्हते. कॅमेरा, रंग, प्रकाश, नेपथ्य सगळे उघड्यावर शिकवले होते. मुक्त प्रणालीत असे फाटे नेहमीच फुटतात. २०११ साली ग्नोमची तिसरी आवृत्ती अनेकांना रुचली नाही, तेव्हा त्यातून माते आणि सिनॅमन हे वेगळे डेस्कटॉप निघाले, आणि चारही पाय अजून चालते आहेत. बोलपटाच्या बाबतीत मात्र मला वाटते, जुन्या बाजारातला प्रोजेक्टर कुतूहलाने खोलणारा तरुण १९३१ च्या बाबूरावांत राहिला नव्हता. बाजारात आलेल्या नव्या यंत्राकडे त्यांनी कलावंत म्हणून पाहिले, मेस्त्री म्हणून पाहिले नाही. त्यांची भीती अगदीच खोटी होती असेही नाही. त्या काळातले कित्येक बोलपट म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभे केलेले नाटकच होते. पण ज्याची भीती वाटते ते आधी उघडून पाहावे, हे त्यांनीच तर कोल्हापूरला दाखवून दिले होते.

पुढे त्यांनी बोलपटही केले. ‘उषा’ १९३५ साली, ‘सावकारी पाश’ पुन्हा १९३६ साली, ‘प्रतिभा’ १९३७ साली. ‘लोकशाहीर रामजोशी’च्या वेळी, १९४७ साली, ते आपल्या जुन्या शिष्याबरोबर, शांतारामांबरोबर, दिग्दर्शनात होते. १९५२ चा ‘विश्वामित्र’ हा अखेरचा. मधल्या काळात ते चित्र आणि शिल्प यांकडे परतले होते. शिवाजी चौकातला शिवछत्रपतींचा पुतळा त्यांच्याच हातचा. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. त्यांचे मूकपट बहुतेक नष्ट झाले. ती फिल्म ज्वालाग्राही होती, प्रती थोड्या होत्या, आणि जपणारे कोणी नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला पुन्हा संगणकापुढे बसवले. या वेळी काही न सांगता शेजारी वही घेऊन बसलो आणि ती जेथे थांबली ते लिहीत गेलो. अर्ध्या तासात एकवीस जागा झाल्या. नऊ ठिकाणी मराठी शब्दच नव्हता, चार ठिकाणी होता तो मलाही कळला नाही, बाकी ठिकाणी बटण नको तेथे होते. मराठी शब्द सुचवून मी ती यादी तो डेस्कटॉप घडवणाऱ्यांकडे पाठवली आहे. त्यांतले पाच शब्द आतापर्यंत घेतले गेले. आईचा हिशेब अजून वहीतच आहे.